जुन्या चर्चच्या दुरुस्तीसाठी चित्रांचे प्रिंट विकताना

जुन्या चर्चचे छप्पर गळू लागले की आधी पॅरिशमध्ये (त्या चर्चच्या भाविक-समुदायात) देणगीची पाकिटे वाटली जातात, मग सोडतीची तिकिटे निघतात, आणि एवढे करूनही अंदाजपत्रकातला मोठा आकडा तसाच उरतो. अशा वेळी "आपल्या चर्चचे सुंदर चित्र छापून विकू या" ही सूचना बैठकीत कोणी ना कोणी करतेच. सूचना चांगली आहे; मात्र ती घाईने अमलात आणली तर छापलेले गठ्ठे चर्चच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात आणि छपाईचा खर्चसुद्धा वसूल होत नाही. मी ठाण्यात बरीच वर्षे छपाईपूर्व मांडणीची आणि रंगजुळणीची कामे करत आले आहे, आणि शहरातील एका जुन्या चर्चसाठी असा उपक्रम पहिल्या बैठकीपासून हिशेब बंद होईपर्यंत सांभाळला आहे. त्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे की घेणाऱ्याला ते चित्र घरात लावावेसे वाटले पाहिजे, केवळ भीड पडली म्हणून ते घेतले जाऊ नये. आणि आपल्या पैशाचे नेमके काय झाले, हे त्याला जागेवर नेऊन दाखवता आले पाहिजे. पुढे जे सांगते आहे ते सारे याच दोन अपेक्षांमधून आले आहे.

काम आधी ठरवावे, चित्र नंतर

"चर्चच्या दुरुस्तीसाठी मदत करा" हे आवाहन इतके मोघम असते की ते वाचून कोणाचा हात खिशाकडे जात नाही. त्याऐवजी एकच ठळक काम निवडावे, उदाहरणार्थ "पश्चिमेकडच्या उतारावरील फुटकी मंगलोरी कौले आणि त्यांखालचे वाळवी लागलेले वासे बदलणे", आणि त्या कामाचे लेखी अंदाजपत्रक जुन्या वास्तूंच्या जतनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून घ्यावे. नेहमीच्या बांधकाम ठेकेदाराच्या आकड्यावर अवलंबून राहू नये, कारण अशा इमारतींच्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात आणि त्यांवर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतला ओलावा बाहेर पडेनासा होतो, तो आत साचतो, क्षार पृष्ठभागावर येतात आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. लोकांनी चित्रे विकत घेऊन उभे केलेले पैसे अशा दुरुस्तीवर जाणे हे त्या लोकांवर अन्याय करणारे आहे, असे मला मनापासून वाटते.

काम ठरल्यावर परवानगीकडे वळावे. इमारत कोणत्या विश्वस्त संस्थेच्या नावावर आहे, निर्णय फादर आणि पॅरिशची वित्त समिती घेऊ शकते की धर्मप्रांताची लेखी संमती लागते, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. बैठकीत रीतसर ठराव करावा आणि त्यात कोणते चित्र, किती प्रती, कोणत्या खात्यात पैसे, कोणत्या कामासाठी आणि हिशेब कोण ठेवणार, एवढे सर्व लिहावे. काम पुरेसे पैसे न जमल्यामुळे अडले, किंवा उलट पैसे शिल्लक राहिले, तर त्यांचे काय करायचे हेही त्याच ठरावात असावे. हे वाक्य लिहायला लोक संकोचतात, पण नंतरचे बहुतेक वाद त्याच्या अभावातून निर्माण होतात.

कोणते दृश्य निवडावे

बैठकीत सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असते: समोरून, मधोमध, दर्शनी भाग. ते छापावेच, परंतु तेवढ्यावर थांबू नये. ठाण्यातील चर्चचे चित्र घेणारे सगळेच पॅरिशमधले नसतात. सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या शेजारचा मासुंदा तलाव काढून टाकला तर ठाणेकरांच्या मनातले ते चर्चच अपुरे वाटते. ज्यांनी शाळा सुटल्यावर तलावपाळीवर भेळ खाल्ली, ज्यांनी घंटेच्या आवाजावर घड्याळ लावले, आणि जे आता घोडबंदर रस्त्यावरच्या पंधराव्या मजल्यावर राहतात, त्यांना इमारतीइतकाच तिचा परिसर हवा असतो. म्हणून एक चित्र इमारतीचे, एक परिसरासह, आणि एखादे बारकाव्याचे, म्हणजे कमानीचे, लाकडी दरवाजाच्या कडीकोयंड्याचे किंवा घंटेच्या मनोऱ्याचे, अशी तीन चित्रे पुरेशी आहेत. सात-आठ चित्रे काढली की गिऱ्हाईक निवडीत अडकते आणि तुमचे पैसेही विखुरतात.

छायाचित्र घेणार असाल तर फाटकाशी उभे राहून मोबाइलच्या रुंद भिंगातून काढलेल्या फोटोत मनोरे मागे कललेले दिसतात, आणि ते भिंतीवर टांगल्यावर रोज खुपत राहतात. शक्य तितके दूर जावे, समोरच्या सोसायटीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरील गच्चीची परवानगी मागावी आणि लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. जुन्या चर्चची वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असण्याची प्रथा असल्यामुळे अनेकदा दर्शनी भागावर दुपारनंतरच ऊन पडते. पण जागेवर दोन-तीन वेळा जाऊन ते पाहून घ्यावे. ऋतूंपैकी पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले: हवा धुतलेली असते, झाडे हिरवी असतात आणि भिंतींवरचे शेवाळ अजून वाळलेले नसते. हे शेवाळ संगणकावर पुसून टाकू नये. फलक, तारा आणि उभ्या गाड्या काढायला माझी हरकत नाही, कारण त्या उद्या हलतील. परंतु शेवाळ, ढासळलेली कड आणि बदललेले कौल हे ज्या कारणासाठी आपण पैसे मागतो आहोत त्याचाच पुरावा आहेत.

ड्रोनने दृश्य घ्यायचे झाल्यास ड्रोनसाठीच्या डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर त्या जागेचा विभाग तपासून, आवश्यक ती परवानगी असलेल्या चालकाकडूनच ते करून घ्यावे. प्रार्थनेच्या वेळी आत फोटो काढताना कोणाचा चेहरा ओळखू येणार नाही याची काळजी घ्यावी, आणि दफनभूमीतील शिळांवरची नावे चित्रात येत असतील तर ते दृश्यच टाळावे.

माझा स्वतःचा कल हाताने काढलेल्या चित्राकडे आहे. शाईच्या रेषांवर जलरंगाचा हलका हात दिलेले चित्र सर्वधर्मीय घरांत सहज सामावते आणि चित्रकाराला नको ते वगळता येते. या भूमीला अशा चित्रकारांची जुनी ओळख आहे: पेशव्यांच्या दरबारातील व्यक्तींची चित्रे रंगवणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला, परिसरातील लेणी रेखाटण्याच्या कामात पडला आणि १७९५ मध्ये तापाने वारला. आज चित्रकाराला जिवावर उदार होण्याची गरज नाही, पण जागेवर बसून काढलेल्या आणि फोटोवरून काढलेल्या चित्रातला फरक जाणत्या नजरेला अजूनही कळतो, म्हणून त्याला निदान दोन दिवस आवारात बसण्याची सोय करून द्यावी.

चित्राखालची ओळ

चित्राखाली छापायची दोन ओळींची माहिती हे सर्वांत छोटे आणि सर्वांत जोखमीचे काम आहे. ठाण्यातील ख्रिस्ती इतिहास बराच मागे जातो. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी येथे मारले गेले, त्यानंतर पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे मराठ्यांच्या हाती आले, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी किल्ला घेतला. एवढ्या उलथापालथीत एकाच जागेवरची वास्तू अनेकदा दुरुस्त झाली, वाढवली गेली किंवा नव्याने बांधली गेली असण्याची शक्यता असते. त्यामुळे भिंतीवरच्या फलकातले साल पायाभरणीचे आहे, पवित्रीकरणाचे आहे की पुनर्बांधणीचे, हे पॅरिशच्या नोंदींवरून पडताळावे आणि चित्राखाली तोच शब्द वापरावा. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचे १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी पवित्रीकरण केले. तेथे "स्थापना १८२५" असे न लिहिता "पवित्रीकरण १८२५" असेच लिहिले पाहिजे, कारण बांधकाम त्याआधी सुरू झालेले असते. खात्री नसेल तर साल गाळावे. चुकीचे साल छापलेल्या शंभर प्रती परत मागवता येत नाहीत.

हक्कांचा कागद

इमारतीचे चित्र काढायला कायद्याची आडकाठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने वास्तूचे चित्र, रेखाटन किंवा छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्याला मोकळीक दिलेली आहे. आवाराच्या आत जाऊन फोटो काढण्यासाठी मात्र विश्वस्तांची परवानगी लागते, आणि ज्याने चित्र काढले त्याचे हक्क वेगळे उरतात. ओळखीच्या चित्रकाराने प्रेमाने चित्र दिले म्हणून कागद करायचा राहून जातो, आणि पुढे कोणी ते चित्र कपबशीवर छापले की मने दुखावतात. साध्या भाषेत एक पान लिहावे: कोणत्या चित्राचे, कोणत्या आकारात, किती प्रतींचे हक्क दिले, मोबदला किती आणि मूळ चित्र कोणाकडे राहणार. मुदत आणि प्रदेश आवर्जून लिहावेत, कारण हस्तांतरणाच्या कागदात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत धरतो. हक्क संस्थेकडे आले तरी चित्राखाली चित्रकाराचे नाव देणे बंधनकारक समजावे.

जुने छायाचित्र किंवा कोरीव चित्र वापरायचे असल्यास, चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली असतील तर त्या चित्रावरील हक्क आपल्याकडे संपलेला असतो. छायाचित्राची साठ वर्षे पूर्वी प्रसिद्धीपासून मोजत; २०१२ च्या दुरुस्तीपासून तीही छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात. तथापि ज्या ग्रंथालयाने त्याची मोठी प्रत पुरवली त्याच्या अटी स्वतंत्र असू शकतात, त्या वाचूनच पुढे जावे.

फाइल आणि प्रूफ

येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक उपक्रम याच टप्प्यावर बिघडताना मी पाहिले आहेत.

मूळ चित्र ए-थ्री आकारापर्यंतचे असेल तर ते सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावे. मोठे असेल तर दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे लावून, कॅमेरा चित्राशी अगदी समांतर ठेवून, शेजारी रंगपट्टी ठेवून त्याचा फोटो घ्यावा. छपाईसाठी प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआय हे माप धरावे, म्हणजे ए-फोरसाठी साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल आणि ए-थ्रीसाठी ३५०८ बाय ४९६१. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो यात बसत नाही, आणि तो सॉफ्टवेअरने ताणून मोठा केल्यावर कौलांच्या ओळी मेणासारख्या दिसतात. मूळ फाइल टिफ स्वरूपात, सोळा बिट खोलीची, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

आता पांढऱ्या रंगाविषयी. चुन्याने रंगवलेली भिंत आणि कोरा कागद यांचे पांढरेपण एक नसते. भिंत कागदाइतकी पांढरी सोडली तर चर्चची कड समासात विरघळते आणि इमारत हवेत तरंगल्यासारखी दिसते. तिला रंगाची फार हलकी छटा द्यावी लागते, आणि ऑफसेटमध्ये (प्लेटवरून होणाऱ्या छपाईत) दोन-तीन टक्क्यांखालचा ठिपका कागदावर टिकेलच असा भरवसा नसतो. आम्ही पहिली प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, एका छापखान्यातून आणली तेव्हा ट्यूबलाइटखाली सर्वांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी तीच प्रूफ चर्चच्या पायरीवर ठेवली, तर भिंत गुलाबीसर आणि सावल्या जांभळ्या दिसत होत्या. छापखान्याने आमची फाइल ज्या कागदाच्या प्रोफाइलवर (त्या कागदासाठीच्या रंगमांडणीवर) उतरवली होती तो कागद वेगळाच होता. त्यानंतर आम्ही नियम केला की छपाईच्या कागदावरच प्रूफ घ्यायची आणि ती त्या भिंतीसमोर, उघड्या उजेडात पाहायची. तिसऱ्या प्रूफला भिंत जुळली.

त्याच पायरीवर आणखी एक गोष्ट झाली. मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) आटोपून निघालेल्या पॅरिशमधल्या एका आजींनी प्रूफ हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि मनोऱ्याखाली बोट ठेवून विचारले, "बाय, घंटेची दोरी कुठं गेली?" चित्रकाराने ती रेषांच्या गर्दीत गाळली होती. आजींच्या यजमानांनी कित्येक वर्षे ती दोरी ओढली होती. चित्रकाराने दुसऱ्याच दिवशी केसाएवढी एक रेषा वाढवली, आणि विक्रीच्या टेबलावर जुने लोक चित्र हातात घेतल्यावर प्रथम ती दोरी शोधत. म्हणून प्रूफ मंजूर करण्याआधी ती वास्तूच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या तीन-चार माणसांना दाखवावी. त्यांना छपाईतले कळण्याची गरज नाही.

कागद, शाई आणि आवृत्ती

दोन दर्जांचा माल ठेवावा. एक, संग्रहासाठी: शंभर टक्के कापसाचा, तीनशे जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा मॅट कागद आणि त्यावर पिगमेंट शाईची इंकजेट छपाई. हा कागद आम्लरहित असतो आणि शाई उन्हाच्या थेट झोतापासून दूर असेल तर दीर्घकाळ टिकते. दुसरा, सर्वांसाठी: तीनशे जीएसएमच्या आर्ट कार्डवरची पोस्टकार्डे आणि ए-फोर प्रती. काहीशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते; हजारांत जायचे असेल तर ऑफसेटचा दर प्रतीमागे खाली येतो. परंतु पहिल्याच वेळी हजारांत जाऊ नये.

संग्रहाच्या प्रतींची आवृत्ती मर्यादित ठेवायची असेल तर ती खरोखर मर्यादित असली पाहिजे. शंभर प्रती जाहीर केल्या तर एकशेएकावी प्रत, आकार बदलून वा कागद बदलून, "खास मागणीवरून" काढू नये. खालच्या समासात पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, म्हणजे १२/१००, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे चित्रकाराची सही, असा प्रघात आहे. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात. इंकजेटवर सर्व प्रती एकाच वेळी छापण्याची सक्ती नसते, हा मोठा फायदा आहे: पंचवीस छापाव्यात, विकल्या की पुढच्या पंचवीस, मात्र कागद, प्रोफाइल आणि मंजूर प्रूफ तीच ठेवून.

ठाण्याचा पावसाळा कापसाच्या कागदाचा शत्रू आहे. ताज्या छापलेल्या प्रती किमान एक दिवस उघड्या सुकू द्याव्यात आणि मगच मध्ये बटर पेपर घालून सपाट रचाव्यात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. सेंट जॉन द बॅप्टिस्टचा सण २४ जूनला आणि सेंट जेम्सचा २५ जुलैला येतो, म्हणजे नेमका भर पावसात. सणाच्या दिवशी विक्री करायची असेल तर माल मे महिन्यातच छापून, सुकवून, प्लास्टिकच्या पाकिटांमध्ये बंद करून ठेवावा.

फ्रेम करून विकावे की सुटे, असे मला नेहमी विचारले जाते. सुटेच विकावे. फ्रेम जड असते, काच फुटते, आणि प्रत्येकाच्या भिंतीचा रंग वेगळा असतो. पण प्रत्येक प्रतीसोबत एक चिठ्ठी द्यावी: माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचा घ्या, चित्र गोंदाने चिकटवू देऊ नका, लॅमिनेशन करू नका, फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीची ओल चित्रात शिरणार नाही. माझ्या स्वतःच्या घरातली एक प्रत फ्रेमवाल्याने पिवळ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून दिली होती. तीन पावसाळ्यांत तिच्या कडेने तपकिरी रेघ उठली.

किंमत

किंमत ठरवताना "लोक चर्चसाठी देतीलच" हे गृहीत धरू नये, आणि उलट भीतीने खर्चाला चिकटूनही ठेवू नये. उदाहरणादाखल धरलेले आकडे घेऊ: ए-थ्रीच्या एका प्रतीची छपाई ६५० रुपये, वेष्टन ७० रुपये, चित्रकाराचा वाटा १५० रुपये, किरकोळ खर्च ३० रुपये, आणि किंमत २,००० रुपये. कागदावर प्रत्येक प्रतीमागे १,१०० रुपये उरतात, म्हणून समिती शंभर प्रतींचे एक लाख दहा हजार रुपये मनात धरते. प्रत्यक्षात दहा प्रती भेटी देण्यात आणि खराब होण्यात जातात. नव्वद विकल्या तर जमा १,८०,००० रुपये. छपाईचा खर्च शंभर प्रतींचा ६५,००० रुपये, बाकीचा नव्वदांचा २२,५०० रुपये. शिल्लक ९२,५०० रुपये. लोकांना जाहीर करायचा आकडा हा दुसरा असावा. तुमचे आकडे तुमच्या छापखान्याच्या दरपत्रकावरून घ्यावेत, पण ही दहा प्रतींची घट विसरू नये.

चित्रकाराला मोबदला द्यावा, हेही येथेच सांगते. त्याने नाकारला तर त्याच्या इच्छेने ती रक्कम निधीत जमा करावी आणि तशी नोंद ठेवावी. पण "पुण्याचे काम आहे" म्हणून आधीच फुकट मागू नये.

पैसा आणि कायदा

पैसे विश्वस्त संस्थेच्याच खात्यात यावेत. टेबलावरचा क्यूआर कोड संस्थेच्या नावाचा असावा, स्वयंसेवकाच्या नंबरचा कधीही नसावा, आणि ग्राहकाच्या मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटवर न विसंबता आपल्या खात्यात रक्कम आल्याची खात्री करावी. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी आणि दोघांनी सही करावी. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल तर तिच्या लेखापरीक्षणात ही विक्री येणारच, म्हणून पहिल्या दिवसापासून वेगळी खातेवही ठेवावी: प्रतीचा क्रमांक, दिनांक, रक्कम, पावती क्रमांक.

विक्री म्हणजे देणगी नव्हे, हा भेद स्वयंसेवकांना दोनदा समजावून सांगावा. चित्र घेतलेल्याला आयकर सवलतीची पावती देता येत नाही. स्वतंत्र देणगीच्या बाबतीतही सरसकट आश्वासन देऊ नये, कारण केवळ धार्मिक हेतूच्या संस्थांना ८०-जीची (देणगीदाराला आयकर सवलत देणाऱ्या जुन्या कायद्यातील कलमाची) मान्यता सहसा मिळत नाही. मात्र ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मंदिर, मशीद, गुरुद्वारा किंवा चर्चच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीला सवलतीची तरतूद आहे. तुमचे चर्च तसे अधिसूचित आहे का, हे सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, तेव्हा जुन्या पावतीपुस्तकावरचा मजकूर तसाच उतरवू नये.

जीएसटीत एक खाच आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल चाळीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला तर सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी आवश्यक ठरते. बंगळूरच्या जुन्या विद्यार्थ्याला एक प्रत पाठवण्याआधी हा प्रश्न लेखापालांना विचारावा. परदेशातल्या नातलगांबाबत अधिक सावध राहावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या कमाईतून दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही, पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले त्याची देणगी मानली जाते आणि ती घेण्यासाठी विदेशी अंशदानाच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. कॅनडात स्थायिक झालेल्या आतेभावाने प्रेमापोटी पाठवलेली मोठी रक्कम घाईने खात्यात घेतली आणि संस्था अडचणीत आली, असे होऊ देऊ नये.

विक्री कोठे आणि केव्हा

नाताळचा काळ सर्वांत महत्त्वाचा. शुभेच्छापत्रे आणि पोस्टकार्डे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टेबलावर असली पाहिजेत, आणि डिसेंबरात आखातातून व कॅनडातून नातलग येतात तेव्हा त्यांच्यासाठी बॅगेत सपाट मावेल असा ए-फोर संच, ताठ पुठ्ठ्याच्या पाकिटात, तयार असावा. टपालाचा सारा त्रास त्याने वाचतो. टपालाने पाठवायचेच असेल तर ए-थ्री प्रत जाड नळीत, आतून बटर पेपरमध्ये गुंडाळून पाठवावी आणि नळीचा व्यास पुरेसा मोठा घ्यावा, नाहीतर कापसाचा कागद वळलेलाच राहतो.

रविवारच्या मिस्सेनंतर टेबल लावावे, पण सलग चार रविवारांपेक्षा जास्त नाही. पाचव्या रविवारी तेच लोक नजर चुकवून निघून जाऊ लागतात. त्यापेक्षा चर्चच्या शाळेचे माजी विद्यार्थी, चरई-नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्या, घरासाठी किंवा कार्यालयासाठी भिंतीवर लावायला ठाण्याचे काही शोधणारे वकील, डॉक्टर आणि अंतर्गत सजावटकार यांच्याकडे जावे. आमच्या विक्रीत पॅरिशबाहेरच्या घरांचा वाटा समितीच्या अपेक्षेपेक्षा खूप मोठा निघाला. त्यांच्याशी बोलताना धर्मादायाची भाषा मागे ठेवावी आणि चित्र समोर ठेवावे. टेबलावर एक प्रत फ्रेम करून, एक सुटी हाताळण्यासाठी, आणि शेजारी ज्या छतासाठी हे चालले आहे तिथले एक फुटके कौल ठेवावे. आम्ही ठेवले होते. मुले ते उचलून पाहत आणि त्यांच्या आयांना आम्हाला वेगळे काही सांगावे लागत नसे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाराजवळच्या फलकावर चार ओळी लावाव्यात: किती प्रती विकल्या, किती जमा, किती खर्च, कामासाठी किती शिल्लक. काम सुरू झाल्यावर त्याच फलकावर कामाचे फोटो लावावेत. ज्यांनी क्रमांकित प्रती घेतल्या त्यांचे नाव जाहीर करण्याआधी त्यांना विचारावे, कारण काहींना ते आवडत नाही.

आवृत्ती संपली की चित्राची फाइल, मंजूर प्रूफ, हक्कांचा कागद, खातेवही आणि न विकलेल्या प्रतींची यादी एकत्र बांधून विश्वस्तांच्या स्वाधीन करावी आणि पोच घ्यावी. क्रमांक एकची प्रत विकू नये. ती आम्लरहित पाकिटात, तारखेसह, पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ज्या कपाटात असतात तेथे ठेवावी. पुढच्या वेळी छप्पर उघडावे लागेल तेव्हा आज मनोरा, कौले आणि घंटेची दोरी नेमकी कशी होती, हे दुरुस्ती करणाऱ्याला तिथून पाहता येईल.